उतारशाळेचा रक्षक कोण? सीमाभागातल्या मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मराठी मंडळ्यांचे पाळक, पंच, स्त्रीसंघ आणि तरुण संघ यांना

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मंडळ्यांमधून तरुणांची एक तुकडी दहा दिवसांच्या सेवेसाठी नेपाळला जाणार, असं उपासनेनंतर जाहीर झालं. नावनोंदणी सुरू झाली, खास अर्पणाची पाकिटं वाटली गेली. माझ्याही हातात एक आलं. तीन रविवार झाले, ते माझ्या बायबलमध्ये रिकामंच आहे. पैसे द्यायचे नाहीत असं नाही. ते शेवटी कुणाच्या हातात पडणार, एवढं मला आधी कळायला हवं. पंचांच्या बैठकीत पाच मिनिटं मागून हे सांगता आलं नसतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी परिचारिका. मिरजेत शिकले, बेळगावात तीस वर्षं नोकरी केली. माझं माहेर निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर. नेपाळच्या भूकंपानंतर, २०१५ मध्ये, अशाच एका तुकडीबरोबर मी गोरखा जिल्ह्यात गेले होते. पुढे चार वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, वेदगंगा माझ्या आईच्या घरात शिरली आणि मदतीच्या तुकड्या आमच्या गल्लीत आल्या. वाटपाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी उभी राहिले आहे. एका बाजूला असताना जे दिसलं नव्हतं ते दुसऱ्या बाजूला गेल्यावर दिसलं.

तो भूकंप २५ एप्रिलचा. शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुटी शनिवारी असते, म्हणून तिथल्या मंडळ्या शनिवारीच उपासनेला जमतात. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा कित्येक ठिकाणी माणसं डोळे मिटून प्रार्थनेत होती. छतं तशीच अंगावर आली. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे व्यासपीठावरून हे सांगितलं गेलं तेव्हा बायका हुंदके देत होत्या. जवळपास ९,००० माणसं त्या भूकंपात गेली. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला आणि आपण गेलंच पाहिजे असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते. स्त्रीसंघाच्या बायकांनी तीन रात्री जागून शेंगदाण्याचे लाडू वळले. जुने कपडे धुऊन, इस्त्री करून, दोरीने नीट गठ्ठे बांधले. त्या मायेबद्दल मी आजही एक वावगा शब्द काढणार नाही.

आम्ही अकरा जण मेच्या अखेरीस निघालो. पुणे, गोरखपूर, तिथून जीपने सोनौली, सीमा ओलांडून गोरखा. आपल्याला तिकडे व्हिसा लागत नाही, त्यामुळे परदेशी चाललोय असं वाटतही नव्हतं. निघण्याआधी तिथल्या एकाच माणसाशी बोलणं झालं होतं, यजमान पाळकांशी, आणि तेही "आम्ही या तारखेला येतो, राहायची सोय होईल का" एवढंच. काय आणू, हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं: पत्रे. तिकडे जूनच्या मध्याला पाऊस लागतो. डोंगरउतारावरची दगडमातीची घरं ढासळलेली, माणसं ताडपत्रीखाली, आणि पावसाच्या आत डोक्यावर पत्रा चढवायचा ही एकच घाई डोंगरभर चाललेली. नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे १५,००० नेपाळी रुपये जाहीर केले होते, लोक त्याचे पत्रेच घेत होते. परदेशातून आलेल्या बचाव पथकांना तर सरकारने मेच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की तुमचं काम झालं, आता परत जा. हे सगळं वर्तमानपत्रांत येत होतं. आमच्यातल्या कुणी वाचलं नाही. आम्ही कपडे, बिस्किटं, औषधं आणि पत्रकं घेऊन पोचलो. खर्चाची वही माझ्याकडे होती. अकरा जणांचं येणं-जाणं, जीप, राहणं, जेवण यांचा आकडा वाटलेल्या सगळ्या वस्तूंच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. ती वही मी जपून ठेवली आहे. कुणाला पाहायची असेल तर घरी यावं.

शाळेच्या अंगणात आम्ही आरोग्य शिबिर मांडलं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. तिकडे अशा बाईला आमा म्हणतात. दीड तास डोंगर उतरून आली होती, पाठीवर बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळाला लावलेला. रक्तदाब घेतला, १९० वर ११०. पट्टा सोडून पुन्हा बांधला, दुसऱ्यांदा घेतला, तेवढाच. आमच्याबरोबरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मी पुडी बांधली. रोज एक, पंधरा दिवस पुरतील एवढ्या. दुभाष्याकडून तिला दोनदा समजावलं. तिने माझा हात धरून आपल्या कपाळाला लावला. आमच्यातल्या एका मुलाने तो फोटो टिपला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही की रक्तदाबाची गोळी एकदा सुरू झाली की ती बहुधा जन्माची. सोळाव्या दिवशी आमाने काय करायचं? कुणाकडे जायचं? माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना मी पुडी बांधली होती.

उत्तर आठव्या दिवशी भेटलं. चाळिशीची एक बाई, खांद्याला झोळी. पहिल्या दिवसापासून ती शिबिराच्या मागच्या बाजूला उभी असायची, मला वाटायचं औषधासाठी थांबली आहे. ती तिथली महिला स्वास्थ्य स्वयंसेविका निघाली. नेपाळात १९८८ पासून ही योजना आहे, ५०,००० हून जास्त बायका गावोगाव हे काम करतात, तेही पगाराविना. आपल्याकडे आशाताई आल्या त्या २००५ नंतर. तिचा नवरा लुधियानाला कामाला होता, तीही काही वर्षं तिकडे राहिलेली, त्यामुळे हिंदी चांगलं येत होतं. सगळे तिला दिदी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तिने झोळीतून वही काढली. पानांच्या कडा मातीने तपकिरी झालेल्या, ढिगाऱ्यातून उपसून काढलेली वही. तिच्यात प्रत्येक घर होतं. कुठे बाळंतीण, कुणाचं मूल वजनाला कमी, कुणाला खालच्या आरोग्य चौकीत कधी नेलं. आमाचं नावही होतं. आमा दोन वर्षांपासून गोळ्या घेत होती! भूकंपात तिच्या घराबरोबर गोळ्याही गाडल्या गेल्या, चौकीची इमारत पडली, म्हणून महिनाभर खंड पडला होता.

दिदी म्हणाली, "चौकीला एक तंबू, एक बीपीचं यंत्र आणि थोड्या गोळ्या मिळाल्या असत्या तर काम लगेच चालू झालं असतं. तुमच्याकडे तीन यंत्रं आहेत."

तीन होती. आठ दिवस ती मोजत होती.

"मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुम्ही पाहुणे. आणि तुम्ही विचारलंत कुठे?"

निघायच्या दिवशी सकाळी दोन यंत्रं आणि उरलेली सगळी औषधं आम्ही चौकीच्या माणसाच्या आणि दिदीच्या हवाली केली, यादी करून, सही घेऊन. पंधरा मिनिटं लागली. आमच्या दहा दिवसांत इतकं धड काम दुसरं झालं नाही.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो तरुण संघाने विशेष ऐकावा असा आहे. तांदळाच्या पिशव्यांत आम्ही पत्रकं घातली होती. वाटपाच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठले, तर यजमान पाळक टॉर्चच्या उजेडात एकेका पिशवीतून पत्रक काढून बाजूला ठेवत होते. मला बघून संकोचले. म्हणाले, "ताई, शुभवर्तमान मी सांगतोच, पुढेही सांगेन. पण भुकेल्याच्या तांदळात कागद निघाला की गाव म्हणतं, हे लोक तांदूळ देऊन माणसं फोडतात. तुम्ही चार दिवसांनी जाल. जाब मला विचारतील." त्याच वर्षी २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या २६ व्या कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे तुम्ही आता जाल तेव्हा ती जोखीम आमच्या वेळेपेक्षा मोठी आहे, आणि ती तुमच्यापेक्षा तिथल्या पाळकाची जास्त आहे. आपल्याला हे वेगळं समजावायला नको. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावच्या सुवर्णसौधात. त्या दिवसांत आपल्या खेड्यांतल्या पाळकांच्या बायका दारावर थाप पडली की कशा दचकायच्या, ते मी जवळून पाहिलं आहे. बाहेरून एखादी उत्साही तुकडी येऊन माईक लावून गेली, तर दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या बाकावर कोण बसतं?

परत आल्यावर मी मंडळीसमोर साक्ष दिली. पडद्यावर आमाचा फोटो होता. लोकांचे डोळे भरून आले, त्या दिवशी अर्पणही चांगलं जमलं. दिदीच्या वहीबद्दल मी काहीच बोलले नाही. ती चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

त्याच वर्षी राज्यघटनेवरून तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागात, आंदोलन पेटलं होतं आणि सप्टेंबरच्या अखेरीस सीमेवरची वाहतूक अडली. गॅस, पेट्रोल, औषधं, सगळ्याची टंचाई झाली, ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत. पत्र्याखालचा तो त्यांचा पहिला हिवाळा. दिदीशी फोनवर बोलणं व्हायचं. गोळ्या संपत आल्यात, असं तिने दोनदा सांगितलं. मी आमच्या तुकडीच्या प्रमुखांकडे विषय काढला. उत्तर आलं, नेपाळचा प्रकल्प पूर्ण झाला आहे, हिशेब मिटवलेला आहे.

आता टेबलाची दुसरी बाजू.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळला आणि कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या. यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. बेळगावातून माहेरी जायला वाट उरली नाही. आई शेजाऱ्यांबरोबर शाळेच्या वरच्या मजल्यावर होती, फोन बंद. पाणी उतरलं तशी मी पोचले. घर उभं होतं. कच्च्या विटांच्या, मातीने लिंपलेल्या भिंती, पण उभ्या. आम्ही दोघींनी चिखलात उभं राहून देवाचे आभार मानले.

मग ऊन पडलं. मातीची भिंत कधी कधी पाण्यात तग धरते आणि सुकताना फाटते. नवव्या दिवशी पहाटे मागची भिंत बसली. दोन दिवसांनी आढं वाकलं. गल्लीत असंच होत गेलं, आज या घराची, उद्या त्या घराची. रात्री धप्प असा आवाज आला की आम्ही अंथरुणात उठून बसायचो, आता कुणाचं गेलं म्हणून. मदतीच्या गाड्या सगळ्या पहिल्या आठवड्यातल्या. भिंती पडायला लागल्या तेव्हा गल्लीत बाहेरचं कुणी नव्हतं.

पहिल्या आठवड्यात काय आलं? गहू, तांदूळ, बिस्किटांचे पुडे, साड्या, ब्लँकेटं. एकेका घरी पाच-पाच, सात-सात ब्लँकेटं झाली. वैरण कुणी आणली नाही, म्हशी दावणीला हंबरत होत्या. शेजारच्या काकू विड्या वळतात. निपाणी भागातल्या कितीतरी बायकांची चूल त्यावर पेटते. त्यांची पानं आणि तंबाखू भिजली, आणि ठेकेदाराने तो माल त्यांच्याच नावावर मांडला. त्याची भरपाई कुठल्याच किटमध्ये नव्हती. जुन्या कपड्यांचा ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजून कुजला, शेवटी ट्रॉलीत भरून न्यावा लागला. त्या ढिगात मला इस्त्री केलेले शर्ट दिसले, दोरीने नीट बांधलेले. कुठल्यातरी मंडळीच्या बायकांनी रात्री जागून बांधले असणार.

एक तुकडी ख्रिस्तीच होती. आपल्यासारखी, चांगली माणसं. बॅनर धरला, रांग लावली, किट देताना फोटो काढले. आईला म्हणाले, "आजी, इकडे बघा, जरा हात जोडा." आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. चार दिवस तेच लुगडं अंगावर, केस सुटलेले. आमच्याकडे तिच्या वयाची बाई केस मोकळे घेऊन परक्या माणसासमोर जात नाही. तीन दिवसांनी तो फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर आला. वर शास्त्रातलं वचन, खाली देणगीसाठी खाते क्रमांक. मी लपवायच्या आत आईने बघितला. बराच वेळ फोन हातात धरून बसली. मग म्हणाली, "मला जरा क्यास तरी बांधू द्यायचं हुतं गं."

गोरख्याच्या आमाला आम्ही विचारलं होतं का? नव्हतं. तिचा फोटो मी भरल्या मंडळीत पडद्यावर दाखवला होता.

आईने त्या तुकडीबद्दल एकदाच पुन्हा विचारलं, दिवाळीच्या सुमाराला. "ती पोरं परत येणार हाईत व्हय? त्यातल्या एकीनं माझं नाव विचारलं हुतं." मी काय सांगणार होते?

आमच्या गल्लीला खरा हात दिला तो एका कॉलेजच्या मुलाने. कर्नाटक सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले होते. घरांचे ए, बी, सी असे वर्ग पाडले. पाहणीला माणसं आली तेव्हा आईचं घर उभं होतं, म्हणून सी. पडलं नंतर. आता वर्ग बदलून घ्यायचा तर नाडकचेरीत अर्ज, पंचायतीत पीडीओची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याची, सही, फोटो, पंचनामा, आणि सगळे कागद कानडीत. आईला कानडी ऐकून थोडं समजतं, वाचता येत नाही. गल्लीत बहुतेकांचं तसंच. हा मुलगा चिकोडीकडचा, घरी कानडी बोलणारा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. चार रविवार तो आमच्या देवळाच्या ओट्यावर बसून अर्ज लिहीत होता. बायका मराठीत सांगायच्या, तो कानडीत उतरवायचा, मग मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगायचा, आणि "बरोबर आहे ना, अज्जी?" असं विचारून मगच अंगठा घ्यायचा. सोमवारी कॉलेज बुडवून दोनदा नाडकचेरीतही आला. फेरतपासणीत आईचं घर वरच्या वर्गात गेलं आणि पहिला हप्ता मिळाला, तो त्याच्या अर्जामुळे. भाषेच्या भांडणात आयुष्य गेलेली आमची माणसं त्या पोराचं नाव अजून काढतात.

चांगल्या शोमरोनीचा दृष्टांत आपण संडे स्कूलपासून ऐकतो. वाटेत पडलेला माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, थांबलेला शोमरोनी. एवढ्यावर आपण गोष्ट संपवतो. त्यात आणखी एक माणूस आहे आणि त्याच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी त्या जखमी माणसाला उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेत, घेऊन आला आणि तिथे एकच रात्र राहिला. त्याला पुढे जायचं होतं, आणि प्रभूने त्याबद्दल त्याला बोल लावलेला नाही. पण निघताना त्याने रक्षकाच्या हातात पैसे ठेवले, याला सांभाळ म्हणून सांगितलं, आणि जास्त खर्च आला तर परत येताना देईन असा शब्द दिला. जखम भरेपर्यंत त्या माणसाला पाणी कुणी पाजलं, पट्ट्या कुणी बदलल्या? रक्षकानेच. गोरख्यात आमचा रक्षक झोळी घेऊन आठ दिवस मागे उभा होता आणि आम्ही त्याला रोगी समजलो. निपाणीत आमचा रक्षक ओट्यावर बसून अर्ज लिहीत होता.

आपल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या तेही आठवा. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. मागून विल्यम बेनन आले आणि कित्येक दशकं इथेच राहिले. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात ते अजून आहेत. मिरजेचं रुग्णालय उभं करणारे विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १९२८ मध्ये परत गेले. इथल्या मुलामुलींना त्यांनी हाताशी धरून शिकवलं, म्हणून ते गेल्यावरही रुग्णालय चाललं, आणि माझ्यासारखी निपाणीकडची पोर तिथे जाऊन परिचारिका झाली. पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमाराच्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या त्या दहा दिवसांसाठी नव्हे. त्या काळातल्या मिशनच्या साऱ्याच गोष्टी बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही. पण ती माणसं भाषा शिकली, वर्षानुवर्षं राहिली, त्यांतली कित्येक इथल्याच मातीत पुरली गेली. आपल्या जुन्या कबरस्तानात जाऊन दगड वाचा.

आता माझं मागणं. तारीख ठरवण्याआधी रक्षक शोधा. तिथली आरोग्य चौकी, शाळेचे शिक्षक, तिथली मंडळी, जे वर्षभर तिथे असतात त्यांना विचारा की आम्ही यावं का, आणि यायचं तर कोण यावं. "यायची गरज नाही, हे एवढं पाठवा" असं उत्तर आलं, तर ते ऐकायची मनाची तयारी ठेवा. बोलावलं तर अकरा जण नकोत, तीन पुरेत, ज्यांच्या हातात काही कसब आहे असे: एखादी नर्स, गवंडीकाम जाणणारा, हिशेब नीट ठेवणारा. आणि जे जातील त्यांनी तीन वर्षं त्याच गावी जायचं. पहिल्या वर्षी ओळख होते, कामाला लागणं दुसऱ्या वर्षी जमतं. सामान तिथल्या बाजारातून घ्या, तिथल्या दुकानदाराचंही दुकान भूकंपात पडलेलं असतं. कपड्यांचे गठ्ठे नकोत. तांदळात कागद नकोत.

फोटोच्या बाबतीत पंचांनी नियमच करावा. ज्याचा चेहरा दिसतो त्याला आधी विचारायचं, फोटो कुठे लावणार ते सांगायचं, आणि केस बांधायला वेळ द्यायचा.

तरुणांचं काय, असं काही जण म्हणतील. दहा दिवसांनी मुलं बदलून येतात, त्यांचा विश्वास वाढतो. हे खरं आहे. आमच्या तुकडीतला एक मुलगा परत आल्यावर इंजिनिअरिंग सोडून नर्सिंगला गेला, आज तो चांगला परिचारक आहे. मी ते कमी लेखत नाही. पण मग त्या प्रवासाला शिकण्याचा प्रवास म्हणा आणि त्याचं तिकीट ज्याने त्याने घरून काढा. आमाच्या नावाने जमलेल्या अर्पणातून आपल्या मुलांचं शिक्षण होऊ नये.

आणि नेपाळला जाण्याआधी एक पावसाळा खानापूरच्या जंगलात काढा. भीमगड अभयारण्यातलं आमगाव, कृष्णापूर, कोंगळा, गवाळी. आपलीच मराठी बोलणारी माणसं. पावसात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावर उचलून कित्येक किलोमीटर चालत आणावं लागतं. रस्ता करणं आपल्या हातात नाही, ते सरकारचं काम आहे आणि ते मागत राहायला हवं. पण जून ते सप्टेंबर, महिन्यातून एक शनिवार-रविवार तिथे जा. वाटायला काही नेऊ नका. तिथल्या आशाताईबरोबर फक्त चाला, तिची वही बघा, तिला काय लागतं ते ऐका. ज्यांना हे चार महिने जमलं त्यांची नावं नेपाळच्या यादीत घाला. परक्या गावात कसं वागायचं ते तिथे शिकून होईल, आणि खर्च एसटीचा.

आमा २०१८ च्या हिवाळ्यात गेली. दिदीनेच कळवलं. शेवटची दोन वर्षं गोळ्या नियमित चालू होत्या, चौकी नव्या इमारतीत आली होती. त्यात आमच्या मंडळीचा वाटा त्या दोन यंत्रांपुरताच.

दिदी अजून तेच काम करते. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिकिटं काढण्याआधी एक दिवस तरुण संघ, पंच आणि स्त्रीसंघाच्या बायका हॉलमध्ये जमूया. फोन स्पीकरवर लावू. तिने सांगावं, आपण लिहून घ्यावं. त्याच रात्री माझं पाकीट भरून पंचांच्या हाती देईन. बैठक मात्र संध्याकाळी सातनंतर ठेवा, त्याआधी ती डोंगरावर फिरतीवर असते आणि फोन लागत नाही.

ख्रिस्तात तुमची बहीण,
एक परिचारिका
बेळगाव